फलक पेटला म्हणजे चाचणी झाली नाही: कोंडी कमी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रस्ताफलकांची तपासणी, पायरी-पायरीने

नाशिकमध्ये आणि आसपास रस्त्यावरचे इलेक्ट्रॉनिक फलक वाढत चालले आहेत आणि सिंहस्थामुळे अजून वाढतील. त्यांची 'चाचणी' म्हणून जे होतं ते साधारण असं असतं. फलक चालू करतात, 'नाशिक शहरात आपले स्वागत आहे' सरकवतात, खाली उभं राहून मोबाइलवर फोटो काढतात आणि तो गटावर टाकतात. दिवे लागतात, एवढंच त्यातून कळतं. पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्या आणि धुळ्याला जायचं असलेल्या ट्रकवाल्याने तो निरोप वेळेत वाचला का, वाचून तो उड्डाणपुलावर चढला का, आणि त्याच्यामुळे खाली द्वारका सर्कलला एक गाडी कमी आली का, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा लेख महापालिकेतले कनिष्ठ अभियंते, कंत्राटदारांची साइटवरची माणसं, वाहतूक शाखेतले कर्मचारी आणि प्रकल्पासाठी हा विषय घेणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: मुंबईकडून येणारी वाहतूक, उड्डाणपुलाच्या रॅम्पच्या आधी लावलेला फलक आणि पुढे द्वारका. तुमचा रस्ता वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक चुका क्रम मोडल्यामुळे झाल्या आहेत. फलक आधी उभा राहतो आणि त्याच्याकडून काय हवं होतं, ते नंतर ठरतं.

## टप्पा १: फलकाकडून काय हवं ते एका वाक्यात लिहा

'वाहतूक सुरळीत व्हावी' हे वाक्य चालणार नाही, कारण ते मोजता येत नाही. असं लिहा: 'संध्याकाळी ५:३० ते ८ या वेळेत धुळ्याकडे जाणाऱ्या, पण खालच्या रस्त्याने द्वारकेला येणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात.' या वाक्यात कोणत्या गाड्या, कोणती वेळ आणि कोणता रस्ता, हे तिन्ही आलं.

त्याखाली दुसरं वाक्य लिहा: 'हे होताना काय बिघडता कामा नये?' आमच्या उदाहरणात इंदिरानगर बोगदा आणि वडाळा-पाथर्डी रस्ता. फलकाने गाड्या महामार्गावरून काढून वस्तीतल्या रस्त्यात ढकलल्या, तर तुम्ही कोंडी फक्त सरकवली.

परवानगी आधी. महामार्गाचा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, शहरातले रस्ते महापालिकेकडे आणि वाहतुकीचं नियमन पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे असतं. तिघांना एकाच पत्राने, एकाच नकाशासह कळवा. 'जड वाहनांस बंदी' किंवा 'मार्ग बंद' असा हुकुमाचा निरोप दाखवायचा असेल, तर त्यामागे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खालची अधिसूचना लागते. 'पुढे गर्दी, पुलावरून जा' हा सल्ला झाला. सल्ला आणि हुकूम एकाच यादीत मिसळू नका. पोलीस गाडी अडवतील तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## टप्पा २: फलक लागण्याआधीचं मोजमाप

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि एकदा वगळली की पुन्हा हाती येत नाही. फलक चालू झाल्यावर 'आधी किती वेळ लागत होता?' याला कोणाच्याही आठवणीवरून उत्तर देता येत नाही. निदान ३ आठवडे मोजा:

- रॅम्पपाशी वर किती आणि खाली किती गाड्या गेल्या. दर १५ मिनिटांनी आणि प्रकारानुसार: दुचाकी, रिक्षा, कार, पिकअप, बस, ट्रक.
- पाथर्डी फाटा ते द्वारका प्रत्यक्ष लागलेला वेळ. एक दुचाकी आणि एक कार, दर अर्ध्या तासाने. दुचाकीवरच भिस्त ठेवू नका, ती फटीतून निघते आणि कोंडी दिसतच नाही. सिटीलिंकच्या शहर बसमध्ये बसून घड्याळ लावणं स्वस्त पडतं आणि बसचा खरा उशीरही कळतो.
- रांगेचं शेपूट ऐन गर्दीत कुठपर्यंत येतं. विजेच्या खांबांचे क्रमांक लिहून ठेवा.
- पर्यायी रस्त्यांवरचीही मोजणी, तेवढ्याच काळजीने.

कॅलेंडर समोर घेऊन बसा. नाशिकची वाहतूक सणाने आणि पिकाने बदलते. श्रावणी सोमवारी त्र्यंबकची गर्दी, चैत्रात पंचवटीतली रथयात्रा, गणपती विसर्जन, द्राक्षाच्या हंगामातले ट्रक, कांद्याचे लिलाव बंद राहिल्यावर पुन्हा सुरू होतात तो दिवस, रविवारी संध्याकाळी मुंबईला परतणारे, आणि बुधवारी गंगाघाटावरचा बाजार. हे दिवस टाळा असं म्हणत नाही. पण त्यांच्यावर खूण करा. मे महिन्यात 'आधी' आणि शाळा सुरू झाल्यावर जूनच्या शेवटी 'नंतर' मोजलं, तर जगातला उत्तम फलकही नापास होईल.

तपासा: रांगेचं शेपूट फलकाच्या नियोजित जागेच्या मागे जात असेल, तर इथेच थांबा आणि जागा बदला. कोंडीत अडकलेल्या माणसाला 'पुढे कोंडी आहे' सांगणारा फलक म्हणजे वरातीमागून घोडं.

## टप्पा ३: अंतराचं गणित कागदावर

५० मिनिटांचं काम आहे. न केल्यास फलक उपटून पुन्हा लावावा लागतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. एकाच चौकटीचा, म्हणजे फलकावर एका वेळी पूर्ण दिसणारा, छोटा निरोप वाचायला ४ सेकंद धरा, म्हणजे ६७ मीटर. अगदी जवळ आल्यावर वरचा फलक कारच्या टपाआड जातो, ते शेवटचे ३० मीटर वाया. म्हणजे अक्षरं किमान १०० मीटरवरून वाचता आली पाहिजेत.

आता निरोप दोन चौकटींत आलटून पालटून दाखवला, प्रत्येकी ३ सेकंद. ज्याची नजर पहिली चौकट सुरू होऊन क्षणभर झाल्यावर पडली त्याला ती हुकते. मग दुसरी पूर्ण, मग पुन्हा पहिली. वाईटात वाईट ९ सेकंद, म्हणजे १५० मीटर, अधिक ३०. आता १८० मीटर लागले. अमेरिकेच्या रस्ताचिन्हांच्या नियमावलीत एका निरोपाला जास्तीत जास्त २ चौकटी आणि पूर्ण फेरी ८ सेकंदांत, अशी मर्यादा आहे ती याच हिशेबाने. सरकता मजकूर तर विसराच. तो दुकानाच्या पाटीवर शोभतो.

अक्षराच्या उंचीचा जुना ठोकताळा असा आहे की १ सेंटिमीटर उंचीमागे साधारण साडेतीन मीटरवरून वाचता येतं. पण तो रोमन अक्षरांसाठी आहे. देवनागरीत ओळीची सगळी उंची अक्षराला मिळत नाही. वरचा भाग वेलांटी, मात्रा, रफार खातात आणि खालचा उकार. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पी-१० पॅनेलमध्ये दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर असतं, म्हणून ३२ पिक्सेलची ओळ ३२ सेंटिमीटर उंच. त्यातलं शिरोरेषेखालचं मुख्य अक्षर जेमतेम २१ सेंटिमीटर भरतं. त्याला साडेतीनने गुणा: सुमारे ७४ मीटर. आपल्याला १०० हवे होते, म्हणजे ही ओळ नापास. ४८ पिक्सेलची ओळ घेतली तर अक्षर ३१ सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि एका चौकटीच्या निरोपापुरतं गणित जमतं.

निविदेत 'अक्षराची उंची' एवढंच लिहू नका. 'शिरोरेषेपासून पायापर्यंत, मात्रा-उकार सोडून' असं लिहा. नाहीतर कंत्राटदार वेलांटीच्या टोकापासून मोजेल, आणि कागदावर त्याचंच बरोबर असेल.

वाचून झाल्यावर निर्णय आणि मार्गिका बदलणं. ३ सेकंद विचाराला आणि गर्दीत एक मार्गिका ओलांडायला ५-६ सेकंद. दोन मार्गिका ओलांडायच्या तर साधारण २५० मीटर. रॅम्पच्या तोंडाआधी फलक याहून जवळ नको.

## टप्पा ४: कार्यशाळेत देवनागरीची परीक्षा

फलक खांबावर चढण्याआधी जमिनीवर असताना ही चाचणी घ्या. वर गेल्यावर प्रत्येक दुरुस्तीला क्रेन लागते.

पुरवठादार 'मराठी सपोर्ट आहे' म्हणतो तेव्हा त्याने बहुधा 'नाशिक' लिहून पाहिलेलं असतं. तुम्ही हे शब्द लिहायला सांगा: त्र्यंबक, द्वारका, उड्डाणपूल, निफाड, दिंडोरी, सिन्नर, शिर्डी, पुणे रोड, रुंदीकरण, दुरुस्ती. 'त्र्य' फुटला, 'द्व'चा हलन्त सुटून 'द् वारका' झालं, 'शिर्डी'चा रफार हुकून शेजारच्या अक्षरावर बसला, 'रु' आणि 'रू' सारखेच दिसले, तर फॉन्टचं इंजिन युनिकोड (संगणकावर मराठी लिहिण्याची प्रमाण पद्धत) नीट जोडत नाही. काही जण यावर पळवाट म्हणून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टंकून चित्र करून टाकतात. यादीतले पन्नास निरोप त्याने छान दिसतात. पण रात्री दोनला कंट्रोल रूममधल्या माणसाला नवा निरोप टाइप करावा लागला, की पडद्यावर कचरा येतो. म्हणून चाचणीत एक तरी निरोप यादीबाहेरचा, तिथल्या तिथे टाइप करून घ्या.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. १६ पिक्सेलच्या ओळीत अनुस्वार म्हणजे एखादाच दिवा. इंग्रजी फलकावर एक दिवा गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे 'बंद'चा 'बद' होतो, आणि शिरोरेषेवर एक दिवा अडकून चालूच राहिला तर भलत्याच अक्षरावर टिंब बसतं. त्यामुळे 'एक टक्का पिक्सेल बंद असले तरी चालेल' ही छापील अट देवनागरी फलकाला तशीच लावू नका. मात्रांच्या पट्ट्यात एकही नको, असं वेगळं लिहा.

बाकीची यंत्रतपासणी थोडक्यात:

- सलग ७२ तास चालू ठेवा. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, उन्हात, पेटी बंद करून.
- वीज तोडा आणि पुन्हा जोडा, १० वेळा. परत आल्यावर फलक कोरा असला पाहिजे. कंपनीचा लोगो नाही आणि मागचा निरोपही नाही.
- नेटवर्क तोडा. ठरलेल्या वेळेत (मी ५ मिनिटं ठेवतो) फलक आपोआप कोरा झाला पाहिजे.
- प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरवर दुपारी काळं कापड टाका, दिवे मंदावले पाहिजेत. रात्री त्यावर क्षणभर टॉर्च मारा, फलक भडकता कामा नये. नाहीतर प्रत्येक ट्रकच्या हेडलाइटला तो दचकेल.
- पुरवठादाराने दिलेला पासवर्ड बदलला का, ते समोर बसून बघा.

तांत्रिक अटींसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी:एसपी:८५ ही मार्गदर्शिका आणि दिव्यांच्या तेज-कोनाच्या वर्गांसाठी युरोपीय ईएन १२९६६ हे मानक हाताशी ठेवा. मात्र देवनागरीची चाचणी तुम्हालाच बांधावी लागेल.

सावधान: नेटवर्कची चाचणी 'नंतर करू' म्हणून सोडू नका. एकदा रात्री साडेअकराला मी एका फलकाखालून गेलो, तो 'पुढील चौक २५ मिनिटे' सांगत होता आणि चौकात कुत्रं नव्हतं. सीमकार्ड संध्याकाळी सातलाच बंद पडलं होतं. त्या रस्त्यावरचे रोजचे लोक पुढे कित्येक महिने त्या फलकाकडे बघून हसत होते. फलक कोरा राहिला असता तर त्याची एवढी शोभा झाली नसती.

## टप्पा ५: निरोप माणसांवर तपासा

हे काम ऑफिसात बसलेल्या चार मराठी वाचणाऱ्या अभियंत्यांवर करू नका. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

फलकाच्याच पिक्सेल-फॉन्टमध्ये निरोप कार्डांवर किंवा लॅपटॉपवर तयार करा आणि रस्त्यावर जा. निमाणी बसस्थानकाजवळचे रिक्षावाले, महामार्गावरच्या ढाब्यावरचे ट्रकचालक, बाजार समितीत माल घेऊन आलेले पिकअपवाले आणि मुंबईहून आलेले पर्यटक, असे मिळून निदान ४० जण. कार्ड ४ सेकंद दाखवा, पालथं घाला आणि एकच प्रश्न विचारा: 'आता कुठून जाणार?' 'समजलं का?' असं विचारलंत तर सगळे 'हो' म्हणतात. आपल्याकडे नाही म्हणायचा संकोच असतो.

अशाच एका फेरीत मी चहाच्या टपरीवर एका वयस्कर रिक्षावाल्यांना कार्ड दाखवलं. त्यावर होतं: 'द्वारका: वाहतूक मंद'.

'काका, कुठून जाल आता?'

'जायचं कशाला? बंद आहे ना द्वारका. इथंच थांबतो, भाडं सोडतो.'

कार्ड पुन्हा दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, 'अहो, मंद आहे होय? मग मंद तर रोजच असतं, त्यात काय सांगायचं!'

त्या एका टपरीवर दोन चुका सापडल्या. पहिली म्हणजे कमी पिक्सेलमध्ये 'म' आणि 'ब' सख्खे भाऊ दिसतात, आणि 'मंद'चा 'बंद' वाचला तर अर्थ पार उलटतो. दुसरी त्याहून मोठी होती. निरोप बरोबर वाचला तरी त्यातून करण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. आम्ही तो बदलून 'धुळे: पुलावरून जा / खाली २० मिनिटे जादा' असा केला. आता वाचणाऱ्याला मार्गही कळला आणि कारणही.

निरोप लिहिताना हे जपा:

- आधी कोणासाठी (धुळे, नाशिक रोड, त्र्यंबक), मग काय करायचं, मग का.
- ३ ओळींपेक्षा जास्त नको. एका ओळीत ३ शब्द झाले की थांबा.
- 'पर्यायी मार्गाचा अवलंब करावा' हे सरकारी मराठी चार सेकंदांत घशाखाली उतरत नाही. 'पुलावरून जा' लिहा.
- मराठी आणि हिंदी दोन्हींत कळेल असा शब्द मिळाला तर तोच घ्या. 'बंद', 'पूल', 'रस्ता' दोघांनाही चालतात. ढाब्यावर एका चालकाने 'संथ' वाचून 'ये संत कौन है?' विचारलं होतं. नाशिकमध्ये तो प्रश्न अगदीच गैर नव्हता.
- इंग्रजीसाठी दुसरी चौकट खर्च करायची का, हे ४० जणांच्या उत्तरांवरून ठरवा. साहेबांच्या आग्रहावरून नको.

उत्तीर्ण कधी: १० पैकी ९ जणांनी योग्य रस्ता सांगितला तर. ७ जणांनी सांगितला तर निरोप पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या फेरीला नवी माणसं घ्या.

## टप्पा ६: जागेवरची चाचणी, चारही वेळांना

फलक उभा राहिला की खाली उभं राहून बघू नका, गाडीतून बघा. दोन माणसं लागतात. एक चालवेल आणि शेजारी बसलेला 'वाचलं' म्हणेल त्या क्षणी जीपीएसवर खूण करेल. निरोप काय आहे हे दोघांनाही आधी माहीत नसावं, कंट्रोल रूमने दर फेरीला तो बदलावा. कारमधून, ट्रकच्या केबिनमधून आणि दुचाकीवरून हेल्मेटची काच खाली करून, असं तिन्ही प्रकारे करा. पन्नाशीपुढचा एक चालक मुद्दाम घ्या.

वेळा ऊन बघून निवडा. महामार्ग शहरात साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येला जातो. आडगावकडे, म्हणजे धुळ्याच्या दिशेने, जाणाऱ्याला सकाळी सूर्य फलकाच्या मागे दिसतो आणि डोळे दिपतात. त्याच फलकाच्या तोंडावर संध्याकाळी ऊन थेट पडतं आणि दिवे फिके होतात. मुंबईकडे जाणाऱ्या बाजूचं नेमकं उलट. फक्त दुपारी बारा वाजता तपासलेला फलक दोन्ही संकटांतून सुटतो. पावसाळ्यात एक फेरी वायपर चालू असताना आणि एक रात्री १० नंतर. रात्री तक्रार बहुधा उलटी असते: फलक इतका भडक की पुढचा रस्ताच दिसत नाही.

मोबाइलच्या फोटोत फलकावर काळे पट्टे दिसले तर घाबरू नका. दिवे फार वेगाने लुकलुकतात आणि कॅमेरा ते अर्धवट पकडतो. डोळ्याला पट्टे दिसत नसतील तर तो दोष नाही. असल्या फोटोवरून पुरवठादाराशी भांडून दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

तपासा: फलकाच्या आधीच्या १०० मीटरमध्ये उभं राहून १५ मिनिटं फक्त ब्रेकचे दिवे बघा. निरोप नसताना आणि असताना, दोन्ही वेळा. निरोप आल्यावर लोक वाचायला ब्रेक मारत असतील, तर मजकूर लांब आहे किंवा अक्षर लहान आहे. कोंडी कमी करायला लावलेला फलक स्वतःच कोंडी करू शकतो.

## टप्पा ७: मुका सराव

'द्वारका १४ मिनिटे' असे वेळ सांगणारे फलक असतील, तर दोन आठवडे यंत्रणेला आकडा काढू द्या, पण दाखवू देऊ नका. तेवढ्या काळात तुमची कार दर अर्ध्या तासाला तोच रस्ता धावेल. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

इथे एक ठरलेली चूक सापडते. बहुतेक यंत्रणा प्रत्येक तुकड्यावरचा *आत्ताचा* वेग घेतात आणि बेरीज करतात. पण फलक वाचणारा द्वारकेला आत्ता पोचत नाही, तो १०-१५ मिनिटांनी पोचतो. संध्याकाळी कोंडी वाढत असते, त्यामुळे फलक कमी वेळ सांगतो. रात्री ती सुटत असते, तेव्हा जास्त सांगतो. समजा ५:४५ ला फलक १४ म्हणतो आणि गाडीला २२ लागतात. हा फरक रोज त्याच वेळी, त्याच दिशेने येत असेल, तर तो दुरुस्त करता येतो. पुरवठादाराला वेळेनुसार वाढावा घालायला सांगा, किंवा आकड्याऐवजी पट्टा दाखवा: '१५ ते २५ मिनिटे'. सरासरी चुकीवर समाधान मानू नका. संध्याकाळी उणे ८ आणि रात्री अधिक ८, सरासरी शून्य, आणि फलक दोन्ही वेळा खोटा.

## टप्पा ८: खरी चाचणी, एक दिवस चालू, एक दिवस बंद

'फलक लावला आणि पुढच्या महिन्यात कोंडी कमी झाली' यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या महिन्यात शाळांना सुट्टी लागली असेल. म्हणून जोड्या लावा.

१. ६ आठवडे घ्या, आणि त्यातले फक्त मंगळवार, बुधवार, गुरुवार.

२. लागोपाठचे दोन मंगळवार ही एक जोडी. नाणं उडवून ठरवा, कोणत्या मंगळवारी निरोप दाखवायचा. बुधवार, गुरुवारही तसेच. बुधवारची जोडी बुधवारशीच लागते, त्यामुळे बाजाराचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडतो. अशा ९ जोड्या होतात.

३. 'बंद' दिवशी फलक काळा ठेवू नका, लोक बिघडला म्हणतात. 'हेल्मेट वापरा' असा तटस्थ निरोप ठेवा.

४. नाण्याचा निकाल आधीच लिहून पाकिटात बंद करा. 'आज गर्दी फार आहे, आज तरी चालू करू या' असा फोन येतोच.

५. अपघात झाला, पाणी साचलं, तर चाचणी गेली खड्ड्यात. सुरक्षेचा निरोप आधी दाखवा आणि ती जोडी कारण लिहून बाद करा.

६. मोजायचं तेच, जे टप्पा २ मध्ये मोजलं होतं. तीच जागा, तीच वेळ आणि शक्यतो तीच माणसं.

निकाल वाचायला संगणकही लागत नाही. प्रत्येक जोडीत विचारा: निरोपाच्या दिवशी खालून जाणाऱ्या धुळ्याच्या गाड्या कमी होत्या का? फलकाचा काहीच परिणाम नसेल, तर ९ पैकी ८ किंवा ९ जोड्या केवळ नशिबाने तुमच्या बाजूने पडायची शक्यता जेमतेम २ टक्के आहे. म्हणून ८ आल्या तर विश्वास ठेवा. ५ आल्या तर ते नाण्याचंच काम आहे. ६-७ आल्या तर आणखी ६ आठवडे, आणि तोवर पत्रकार परिषद नको.

गाड्या वळल्या, पण द्वारकेचा वेळ कमी झाला नाही, असंही होतं. मग रस्ता तिथे अडलेलाच नव्हता. सिग्नलची वेळ, रिक्षांचा थांबा किंवा कडेचं पार्किंग यात दुखणं आहे, आणि ते फलकाने बरं होणार नाही. हा निकाल लाजिरवाणा समजू नका. पुढच्या चार फलकांचे पैसे त्याने वाचतात.

उलट बाजूही बघा. सगळ्यांनी फलकाचं ऐकलं तर पर्यायी रस्ता तुंबतो. मग फलक उलट सांगू लागतो आणि गाड्या परत इकडे. दर १५ मिनिटांच्या आकड्यांत असा झोका दिसला, तर निरोप बदलण्याचा वेग कमी करा. एकदा लागलेला निरोप किमान १० मिनिटं तरी टिकू द्या.

## टप्पा ९: गोंधळाची तालीम

कोणालाही न सांगता एक दिवस मुद्दाम चुकीचा, पण निरुपद्रवी निरोप लावा, 'चाचणी संदेश ७' असा काहीतरी, आणि घड्याळ सुरू करा. तो कोणाच्या लक्षात आला? कोणाला फोन गेला? काढायला किती मिनिटं लागली? पहिल्या तालमीत बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो रजेवर आहे.

निरोप लावण्याचा, बदलण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाकडे, ते नावानिशी भिंतीवर लावा, पाळीनुसार. त्याच कागदावर हेही लिहा की फलकावर जाहिरात नाही, उद्घाटन नाही आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा तर नाहीतच. चौकाचौकातल्या फ्लेक्सकडे न बघता जायची सवय आपल्या डोळ्यांना लागलेली आहे. फलकही त्यात जमा झाला की मागच्या आठ टप्प्यांची मेहनत वाया गेली.

## टप्पा १०: सिंहस्थाआधी पुन्हा पाचव्या टप्प्यावर

रोजच्या नाशिककरांवर उत्तीर्ण झालेला फलक सिंहस्थात उत्तीर्ण होईलच असं नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या सोमवती अमावास्येला रस्त्यावर असणाऱ्यांपैकी बहुतेकांनी द्वारका सर्कल आयुष्यात पाहिलेलं नसेल. त्यांना 'आडगाव नाका' आणि 'मुंबई नाका' यांतला फरकही सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी गावाची नावं कमी आणि 'रामकुंड', 'तपोवन', 'वाहनतळ', 'बस' अशी कामाची ठिकाणं जास्त, बाणासह. वाहनतळाला क्रमांक असेल तर तो अक्षरापेक्षा मोठा.

कार्डांची चाचणी आत्ताच, परगावच्या यात्रेकरूंवर घ्या. पंचवटीत ते रोजच भेटतात. मी घेतली तेव्हा गुजरातहून आलेल्या एका कुटुंबाला 'द्वारका' आणि डावीकडचा बाण असलेलं कार्ड दाखवलं. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, 'इथूनही रस्ता आहे वाटतं!' तेव्हापासून माझ्या यादीत 'द्वारका' एकटं येत नाही. जागा कितीही कमी असली, तरी 'द्वारका चौक' असंच लिहितो.